काटोलच्या विहिरीतला दगड, हरिहरेश्वरच्या समुद्रावर

आजचा भाग समुद्रकिनाऱ्यावरचा आहे, आणि बोलतोय मी काटोलहून. हसू नका. आमच्याकडे समुद्र म्हणजे शाळेची ट्रीप, नाहीतर लग्नानंतरची सहल. पण मागच्या डिसेंबरात मी रायगड जिल्ह्यातल्या हरिहरेश्वरला जाऊन आलो आणि तिथल्या कातळावर उभं राहून मला सगळ्यात जास्त आठवली ती आमच्या संत्र्याच्या बागेतली विहीर. का आठवली, ते आज सांगतो. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू. काटोल आणि दगड हे दोन शब्द एकत्र आले की लोकांना २२ मे २०१२ ची दुपार आठवते. त्या दिवशी काटोल आणि आसपास आकाशातून उल्केचे तुकडे पडले होते. मोठा आवाज झाला, लोक घराबाहेर पळाले. ती काटोल उल्का आता जगभरच्या भूशास्त्रज्ञांना माहीत आहे. आयआयटी खरगपूरच्या शास्त्रज्ञांना तिच्यात ब्रिजमनाइट नावाचं खनिज सापडलं आणि २०२१ मध्ये त्यावर शोधनिबंधही आला. हे खनिज पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असतं, तिथवर कुणाचा हात पोचत नाही. त्यामुळे आमच्या गावाचं नाव मोठं झालं, आनंद आहे. पण आजचा दगड वरून पडलेला नाही. तो खालून आलेला आहे, आपल्या सगळ्यांच्या पायाखाली आहे आणि आमच्या तालुक्याचं पोट त्याच्यावर अवलंबून आहे.

आता मी समुद्रावर का गेलो ते सांगतो. आमची तीन एकर संत्र्याची बाग आहे. झाडं तीनशेच्या वर. मी शाळेत भूगोल शिकवतो, बाग मुख्यतः मोठे बाबा आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे दादा, बघतात. आम्ही आंबिया बहार घेतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: डिसेंबरात झाडांचं पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानं थोडी मलूल होऊ द्यायची आणि मग जानेवारीत पाणी सोडायचं. झाड फुलावर येतं. पण खरी परीक्षा पुढे असते. फळ सुपारीएवढं झालं की एप्रिल-मे येतो, आणि तेव्हा पाणी कमी पडलं तर ते फळ गळून झाडाखाली सडा पडतो.

विहीर गेली काही वर्षं मार्चातच तळ दाखवते. बागेत दोन बोअर आहेत. एक चारशे फुटांचा, तो कोरडाच गेला. दुसरा पाचशे फुटांचा, तो दोन वर्षं चालला आणि बसला. आता दादांचं म्हणणं होतं, सातशे-आठशे फूट जाऊ. शेजारच्या शिवारात एकाला आठशेवर लागलं म्हणतात. पाणी बघणारा येऊन गेला, त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, जागेला चुन्याची खूण झाली. पैसा कुठून? वहिनीचे दागिने गहाण ठेवून. मोठे बाबा गप्प होते. घरात दोन महिने हाच विषय होता, जेवतानाही.

डिसेंबरात ताण सुरू झाला की बागेत फार काम नसतं. पुण्यात माझा एक मित्र आहे, कॉलेजात भूशास्त्र शिकवतो. त्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू ये. जमिनीच्या आत काय असतं ते तुला उभं कापलेलं दाखवतो."

आम्ही पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळामार्गे निघालो. घाटरस्त्यांवर जिथे जिथे डोंगर कापलाय तिथे त्याने मला एकच सवय लावली, कापलेली बाजू बघायची. सह्याद्रीचा डोंगर एकसंध नसतो. थरावर थर असतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. दोन काळ्या थरांच्या मध्ये काही ठिकाणी विटेच्या रंगाचा लाल पट्टा दिसतो, कधी वीतभर, कधी पुरुषभर. ही काय भानगड? एक लाव्हा आला, थंड झाला. मग बराच काळ काही आलं नाही. पाऊस पडला, दगड कुजला, त्याची माती झाली. त्या मातीवर पुढचा तापलेला लाव्हा येऊन पसरला आणि माती भाजून निघाली. तो लाल पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधली सुट्टी.

आमच्या नागपूरचा या शोधाशी जुना संबंध आहे. ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० च्या दशकात नागपूरजवळच्या टाकळीला दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख शोधले होते. म्हणजे मधल्या सुट्टीत तळी होती, त्यात जीव नांदत होते. मग पुढचा लाव्हा आला.

हरिहरेश्वरला पोचायच्या आधी भरतीचं गणित सांगतो, कारण ते चुकलं तर बाकीचं बोलून उपयोग नाही. मंदिराच्या मागे जी समुद्राकडची प्रदक्षिणेची वाट आहे, ती फक्त ओहोटीला मोकळी असते. कोकणातल्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. आम्ही गेलो त्या दिवशी पंचमी होती. पाचाचे पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारला पूर्ण भरती आणि तिथून सहा तासांनी, सकाळी दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आम्ही नऊला खाली उतरलो. हा ढोबळ हिशेब आहे, गावात विचारून खात्री करायचीच. या वाटेवरून माणसं वाहून गेली आहेत.

मंगळवार होता. देवळापाशी चार माणसं होती, पण मागच्या बाजूला कुणीच नाही. दोन उंच कातळांच्या मधल्या अरुंद फटीतून पायऱ्या उतरतात. उतरता उतरता आवाज बदलतो, वारा अंगावर येतो आणि अचानक समोर नुसता समुद्र. वाळू नाही. पायाखाली काळ्या कातळाचं सपाट अंगण, लांबवर पसरलेलं, त्यात पाण्याची डबकी, आणि डाव्या-उजव्या हाताला कड्याची भिंत. हे अंगण लाटांनी केलंय. लाट कड्याच्या पायथ्यावर आपटत राहते, पायथा पोखरला जातो, वरचा भाग कोसळतो आणि कडा मागे सरकतो. मागे उरतं ते हे सपाट अंगण. एवढं बघून मला तर शेतातला धुराच आठवला, पावसाळ्यात नाल्याच्या कडेने दरवर्षी थोडा थोडा ढासळणारा.

भिंतीचं काय सांगू! जागोजागी जाळी पडलेली. मधाच्या पोळ्यासारखे खळगे, एकाला लागून एक, मधल्या भिंती बोटभर जाडीच्या. मी विचारलं, "हे कुणी कोरलं?" मित्र म्हणाला, "मिठानं." समुद्राचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात. ऊन लागलं की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि त्याचे स्फटिक वाढतात. वाढताना ते दगडाचे कण एकमेकांपासून ढकलतात. रोज थोडं, हजारो वर्षं. एकदा खळगा पडला की त्यात सावली, ओल, आणखी मीठ. म्हणून खळगा खोल होत जातो. काळा पाषाण फोडायला आमच्याकडे सुरुंग लागतो, इथे मीठ पुरतं.

मग त्याने मला मुख्य धडा दिला. म्हणाला, "आता सौंदर्य बाजूला ठेव. या कड्यात पाणी कुठे आहे ते शोध." समुद्राचं नव्हे, आतलं पाणी. डिसेंबर होता, पाऊस जाऊन दोन महिने झाले होते. मी भिंतीच्या कडेने चालत गेलो. मोठमोठे घट्ट काळे भाग होते, त्यांच्यावर उन्हात काहीच ओल नव्हती. पण एका उभ्या भेगेत, लाटा पोचत नाहीत एवढ्या उंचीवर, हिरवं शेवाळ होतं. बोट लावलं, ओलं. जिभेला लावलं, खारट नाही. थोडं पुढे दगडाचा पोत बदलला. बारीक बारीक भोकं, काहींत पांढरं खनिज भरलेलं. त्याच्या खालच्या कडेला पुन्हा ओलीची रेघ. घट्ट भागाच्या मधोमध एकदाही पाणी नव्हतं. मी तासभर शोधलं.

असं का, ते लाव्ह्याच्या थंड होण्यात आहे. लाव्हा पसरतो तेव्हा त्यात वायूचे बुडबुडे असतात. ते वर येतात आणि वरचा भाग आधी थंड झाल्यामुळे तिथेच अडकतात. म्हणून प्रत्येक थराचा माथा भोकाभोकांचा, पुरणाच्या पोळीसाठी फुगलेल्या डाळीसारखा नाही, जाळीदार अनारशासारखा म्हणा. राज्याच्या काही भागात याला मांजऱ्या खडक म्हणतात. मधला भाग सावकाश थंड होतो, तो घट्ट. थंड होताना दगड आकसतो, त्यामुळे सांधे पडतात. पाणी राहतं ते भोकांच्या जाळीत, सांध्यांत आणि वरच्या मुरुमात. घट्ट पोटात नाही. आणि मधला लाल थर बऱ्याचदा चिकणमातीसारखा असतो, तो पाणी खाली जाऊ देत नाही.

आता थोडे आकडे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा बाहेर पडला. आज त्याने व्यापलेला प्रदेश पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. काही प्रवाह तर आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत गेले, जवळपास हजार किलोमीटर, असं भूशास्त्रज्ञ मानतात. पण जाडी सगळीकडे सारखी नाही. पश्चिमेला जास्त, पूर्वेकडे कमी होत जाते. कोयनेला संशोधनासाठी खोल छिद्र घेतलं तेव्हा ९३३ मीटरवर हा काळा दगड संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला छिद्र घेतलं, तिथे तो ३३८ मीटरवर संपला. आणि नागपुरात? नागपूर शहरातच तो संपतो. सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची, आणि शहराच्या पूर्वेला गेलात की त्याच्याही आधीचे, फार जुने खडक.

म्हणजे हरिहरेश्वर हे या काळ्या चादरीचं समुद्राकडचं टोक आणि आम्ही काटोलवाले तिच्या दुसऱ्या टोकाजवळ. दोन्हीकडे तोच लाव्ह्याचा थर आहे असं मी म्हणत नाही. थर वेगळे, घराणं एक, आणि रचनेचा कायदा एक.

आता आठशे फुटांचा विचार करा. अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, काळ्या दगडाचे उभे खांब, सुमारे २०० फूट उंच. मुंबईत असाल तर जाऊन खाली उभे राहा आणि वर बघा. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे साधारण तेवढ्याच २०० फुटांच्या पुढे गेलेल्या विहिरीला खोल विहीर धरलंय, आणि अधिसूचित क्षेत्रात ती घ्यायला मनाई आहे. आमचा बेत होता चार गिल्बर्ट हिल एकावर एक ठेवण्याचा. त्या खोलीवर भेग लागली तर पाणी लागतं, नाही असं नाही. पण ती भेग कधीकाळच्या पावसाने भरलेली असते. उपसली की लवकर भरत नाही. "दोन वर्षं चालला आणि बसला" याचा अर्थ मला त्या कातळावर कळला.

बोअरची गाडी आली की आपण काय बघतो? पांढरी-काळी धूळ. दगड कुठला, भेग कुठे, लाल थर कधी लागला, काहीच दिसत नाही. फक्त फूट मोजतो आणि पैसे मोजतो. कड्यावर सगळं दिसतं.

घरी आल्यावर मी मोबाइलमधले फोटो मोठ्या बाबांना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, दोन-तीन फोटो पाहिले आणि म्हणाले, "हे त आपल्या विहिरीवानी हाय."

मी म्हटलं, "मोठे बाबा, हा समुद्र आहे."

"असन समुद्र. दगड आपलाच हाय. ते विहीर म्या खंदली, मले काय सांगतं?"

आणि मग ते बोलायला लागले. ७२ च्या दुष्काळानंतरची गोष्ट. चार फूट काळी माती. मग दहा-बारा फूट मुरूम. मग फुटका दगड, तो सब्बलीने निघाला. मग पंधरा फूट काळा पाषाण, घण मोडले, सुरुंग लावले, पाणी थेंबभर नाही. लोक म्हणाले, सोडून दे. आणि चाळीस फुटांवर "भोकाभोकाचा नरम दगड" लागला आणि पूर्वेच्या अंगाने झरा फुटला. रात्रीतून पुरुषभर पाणी. खाली अजून पाच फूट गेले, पुन्हा घट्ट लागला, म्हणून थांबले.

मंडळी, पुस्तकात जे चित्र असतं ते हेच. त्यांनी ते हाताने वाचलं होतं. दोन महिने ते गप्प का होते, हेही मला तेव्हा उमगलं. त्यांना आठशे फुटांचं पटत नव्हतं, पण नारळ आणि शेजाऱ्याचा बोअर यांच्यापुढे त्यांच्याकडे शब्द नव्हते. दादा बाजूला बसून ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "मग तो झरा आता कुठी गेला, बाबा?"

तिथून चर्चेला वेगळं वळण लागलं. आम्ही जानेवारीत विहिरीतला गाळ काढला. वर्षानुवर्षांचा गाळ, पाच-सहा फूट. तो नरम दगडाचा पट्टा अर्धा गाळाखाली गेला होता. त्याच पट्ट्यात, पूर्वेच्या बाजूने, दोन आडवे बोअर घेतले. खर्च उभ्या बोअरच्या मानाने थोडा. वहिनीचे दागिने घरातच आहेत.

चमत्कार झाला का? नाही. पंप आधी तासभर चालायचा, आता दीड तास चालतो. म्हणून यंदा आम्ही सगळ्या झाडांवर बहार धरला नाही. दोनतृतीयांश झाडांनाच पाणी सोडलं, तेही ठिबकवर, बाकीची नुसती जगवायची. दादांना हे अजून पूर्ण पटलेलं नाही. आता फेब्रुवारी संपत आलाय, बागेत फुलांचा वास आहे. उन्हाळा पुढे आहे. मे महिन्यात काय होतं ते कळेलच, आणि काहीही झालं तरी मी ते तुम्हाला सांगेन.

एक गोष्ट मात्र आमच्या एकट्याच्या हातात नाही. भोकाभोकाचा तो थर आमच्या धुऱ्यापाशी संपत नाही. तो शेजाऱ्याच्या विहिरीखाली आहे, त्याच्याही शेजाऱ्याच्या आहे. एकाने जास्त उपसलं तर दुसऱ्याचं कमी होतं. अटल भूजल योजनेत आमचे काटोल आणि नरखेड हे तालुके घेतले गेले, ते उगाच नाही. या योजनेत गावाने एकत्र बसून पाण्याचा ताळेबंद मांडायचा असतो. असा ताळेबंद भिंतीवर रंगवून चालत नाही. कोणाची विहीर किती खोल, कोणत्या थरात पाणी, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढलं तर तो खरा होतो.

म्हणून शेवटी दोन विनंत्या.

पहिली, जे हरिहरेश्वरला जाणार आहेत त्यांना. आडवारी जा, ओहोटी सुरू असताना उतरा आणि पाणी वळायच्या आत वर या. पावसाळ्यात त्या वाटेला जाऊ नका. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा जास्त जपून. ओल्या शेवाळावर पाय ठेवू नका. जाळीचे दगड तोडून घरी आणू नका, ते बनायला मिठाला फार वेळ लागलाय. आणि सेल्फी काढून झाली की दहा मिनिटं कड्याकडे तोंड करून उभे राहा. कोरडं कुठे, ओलं कुठे, एवढंच बघा.

दुसरी, जे बोअर मारायच्या विचारात आहेत त्यांना. गाडी बोलवायच्या आधी आपल्या विहिरीत उन्हाळ्यात एकदा वाकून बघा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जाऊन आपल्या गावची माहिती मागा. आणि घरात, गावात ज्यांनी विहीर हाताने खंदली अशी माणसं अजून असतील, तर त्यांच्याजवळ बसा. त्यांचं वय झालंय. कुठल्या फुटावर कोणता दगड लागला, हे त्यांच्याशिवाय कुठेच लिहिलेलं नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. मी मोठ्या बाबांचं केलंय, एक तास दहा मिनिटं. पुढच्या भागात तेच ऐकवतो.